सिस्कोचं पात्र मोडलं की घडलं? (डीप स्पेस नाइन, व्हॉयेजर, बॅटलस्टार आणि नैतिक तडजोड)

तापीकाठ (भुसावळ)

आधीच सांगतो, पुढे 'स्टार ट्रेक'मधल्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर', आणि वेगळी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळ मालिकांच्या कथा उघड होणार आहेत. ज्यांना त्या कोऱ्या मनाने बघायच्यात त्यांनी इथेच थांबावं.

मागच्या धाग्यावर दोघातिघांनी लिहिलं होतं की 'डीप स्पेस नाइन'च्या 'इन द पेल मूनलाइट' या भागात लेखकांनी अंतराळ स्थानकाचा प्रमुख असलेल्या कॅप्टन सिस्कोचं पात्र मोडलं. सहा पर्वं सरळ चाललेला माणूस एका भागात खोटे पुरावे बनवतो, लाच देतो, खून पचवतो, हे कसं पटायचं? मला ते पूर्ण पटतं. का पटतं ते तिथल्या प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

भाग एप्रिल १९९८ मधला, सहाव्या पर्वातला. डॉमिनियन या शत्रू साम्राज्याशी युद्ध पेटलंय आणि फेडरेशन, म्हणजे पृथ्वी आणि तिच्या मित्रग्रहांची, सिस्कोची बाजू, मागे हटतेय. स्थानकावर दर शुक्रवारी मृतांची आणि बेपत्तांची यादी लागते. माणसं तिच्यासमोर उभी राहतात आणि ओळखीचं नाव शोधतात. रॉम्युलन या तिसऱ्या साम्राज्याने डॉमिनियनशी अनाक्रमणाचा करार केलाय, म्हणून शत्रूची जहाजं रॉम्युलन हद्दीतून बिनधास्त येऊन मारा करून जातात. सिस्को ठरवतो, रॉम्युलनांना काहीही करून आपल्या बाजूने युद्धात उतरवायचं.

इथून तो जसा उतरत जातो ते नीट बघा. तो शिंपीकाम करणाऱ्या माजी हेराकडे, गॅरककडे जातो. डॉमिनियन रॉम्युलनांवरही हल्ला करणार आहे याचा त्याला हवा असतो खरा पुरावा. गॅरकचे कार्डॅसिया या त्याच्या मूळ, आता डॉमिनियनच्या बाजूच्या ग्रहावरचे खबरे त्याच्याशी बोलल्यावर एका दिवसात मारले जातात. खरा पुरावा मिळणार नाही म्हटल्यावर खोटा बनवायचा ठरतो. त्यासाठी क्लिंगनांच्या तुरुंगात फाशीची वाट बघणारा टोलार नावाचा जालसाज सोडवून आणावा लागतो. टोलार दारू पिऊन स्थानकावरच्या दारूच्या गुत्त्याच्या मालकाला, क्वार्कला भोसकतो, तर क्वार्कने तक्रार करू नये म्हणून त्याला लाच द्यावी लागते. नोंदीसाठी अस्सल कार्डॅसियन डेटा रॉड हवा, त्याच्या मोबदल्यात ८५ लीटर बायोमिमेटिक जेल द्यावं लागतं. हे जेल घातक कामांसाठी वापरता येतं. डॉक्टर बशीर म्हणतो, मला लेखी आदेश द्या. सिस्को लेखी आदेश देतो.

शेवटी रॉम्युलन सिनेटर व्रीनॅक रॉड तपासतो आणि बनावट असल्याचं ओळखतो. परत जाताना त्याचं यान फुटतं. बॉम्ब गॅरकने ठेवलेला असतो. स्फोटातून वाचलेल्या खराब रॉडमधल्या त्रुटी आता स्फोटाच्या नावावर खपतात आणि रॉम्युलन युद्धात उतरतात.

माझं म्हणणं असं. यातली एकही पायरी परक्या माणसाची नाही. सिस्को पहिल्या भागापासून हातात आलेलं काम तडीस नेणारा माणूस आहे. 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डसारखा तो थांबून तत्त्वाची मांडणी करत बसत नाही. १९९२ मध्ये पिकार्डसमोर एका बोर्ग मुलामार्फत संपूर्ण बोर्ग जमात (अर्धे जीव, अर्धे यंत्र असलेले शत्रू) संपवायची संधी आली होती आणि त्याने ती नाकारली. सिस्कोने ती घेतली असती असं मला वाटतं. १९९७ च्या 'फॉर द युनिफॉर्म' मध्ये त्याने एका फितुराला पकडण्यासाठी मॅकी या बंडखोर लोकांच्या वसाहतीचं वातावरण माणसांना राहता येणार नाही असं विषारी करून टाकलं होतं. लोकांना पळून जायला वेळ मिळाला हे खरं, पण ग्रह गेला तो गेलाच. म्हणजे १९९८ मधला सिस्को अचानक आकाशातून पडलेला नाही. प्रत्येक पायरीवर तो स्वतःला एकच सांगतो, मागची पायरी वाया जाऊ द्यायची नाही. हा त्याचाच स्वभाव आहे, फक्त या वेळी तो चुकीच्या दिशेला लागलाय.

आता कॅप्टन जेनवे. व्हॉयेजर ७० हजार प्रकाशवर्षं दूर एकटं पडलेलं जहाज. तिच्यापुढचे पेच सिस्कोपेक्षा मोठे होऊ शकले असते. १९९९ च्या 'इक्विनॉक्स' या दोन भागांत तिला स्टारफ्लीटचं, म्हणजे फेडरेशनच्या दलाचं, दुसरं हरवलेलं जहाज भेटतं. त्याचा कप्तान रॅन्सम परग्रहावरच्या जीवांना मारून त्यांचं इंधन करत असतो. जेनवे त्याचा इतका पिच्छा पुरवते की त्याच्या एका माणसाला बांधून ठेवून त्या चिडलेल्या जीवांसमोर सोडते. तिचा उपप्रमुख चाकोटे मध्ये पडतो तर त्याला पदावरून दूर करते. बघताना अंगावर काटा येतो. आणि शेवट? जहाजाच्या नावाची पाटी खाली पडलेली असते, ती पुन्हा जागेवर लावायची असं दोघं ठरवतात. पुढच्या आठवड्यात सगळं पहिल्यासारखं.

जेनवेने तसं वागणं मला मान्य आहे. माणूस संतापात तसं वागू शकतो. पण त्या वागण्याचं तिच्या अंगावर काहीच उरलं नाही, चाकोटेच्या डोळ्यांत काहीच उरलं नाही. म्हणून पात्र तुटलं असं मी सिस्कोऐवजी तिच्याबद्दल म्हणेन. तडजोड पात्राच्या आतून यावी आणि नंतर त्याला चिकटून राहावी, एवढीच माझी अट आहे.

जाणकारांनी लिहावं. मतभेद असतील तर जास्तच लिहावं.

कांदेबाग (रावेर)

भाऊ, लई मन लावून लिहिलंय. ती शुक्रवारची यादी मला पण विसरता येत नाही. सिस्कोची सहकारी डॅक्स, तिच्या ओळखीचं नाव त्यात येतं तेव्हा ती काही रडत-बिडत नाही, नुसती बोलायची थांबते.

व्हॉयेजरबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. ती मालिका त्या वाहिनीला कोणताही भाग कधीही लावता यावा अशी हवी होती. कथा पुढे ओढत न्यायची मुभा लेखकांना फारशी नव्हती. दोष जेनवेचा धरायचा की त्या व्यवस्थेचा?

तापीकाठ (भुसावळ)

@कांदेबाग, व्यवस्थेचा. पण पडद्यावर मला व्यवस्था दिसत नाही, जेनवे दिसते.

पांझरा (धुळे)

लेख आवडला, तरी तापीकाठ यांनी सोयीचे दाखले घेतले असं स्पष्ट लिहितो. सिस्कोचा सगळ्यात अडचणीचा दाखला त्यांनी सोडलाय.

जानेवारी १९९६. 'होमफ्रंट' आणि 'पॅराडाइज लॉस्ट'. पृथ्वीवर रूपबदले, म्हणजे हवं ते रूप घेणारे शत्रू, शिरल्याची भीती पसरलीय. सिस्कोचा जुना वरिष्ठ, ॲडमिरल लेटन, अकादमीतल्या मुलांकडून पृथ्वीचा वीजपुरवठा बंद पाडतो आणि खापर शत्रूवर फोडतो, जेणेकरून घाबरलेले राष्ट्राध्यक्ष लष्कराला मोकळे हात देतील. लेटनचा हेतूही प्रामाणिक असतो. त्याला पृथ्वी वाचवायचीच असते. आणि त्याला कोण अडवतं? सिस्को. आपल्या जुन्या वरिष्ठाविरुद्ध, स्वतःचं करिअर पणाला लावून.

सव्वादोन वर्षांनी हाच सिस्को बनावट पुरावा दाखवून एका सरकारला घाबरवतो आणि युद्धात ढकलतो. लेटनने जे केलं तेच. फरक एवढाच की लेटनने आपल्या लोकांना फसवलं आणि सिस्कोने परक्यांना. मग १९९६ मधल्या सिस्कोला काय वाटलं असतं? एकदा तरी त्याला लेटनची आठवण यायला हवी होती. ती येत नाही. लेखकांना लेटन आठवलाच नाही असं मला वाटतं, आणि पात्राच्या सुसंगतीत ही मोठी भगदाड आहे. तो 'स्वभाव' वगैरे मला पटत नाही.

सातपुडा पायथा (यावल)

पांझरा भाऊंना +१. लेटनचा मुद्दा बिनतोड आहे.

जमाखर्च (चाळीसगाव)

मी सहकारी संस्थांचं ऑडिट करतो, त्यामुळे माझी नजर भलतीकडेच गेली. शेवटचं दृश्य. सिस्को आपल्या खोलीत बसून हे सगळं वैयक्तिक नोंदवहीत बोलतोय. आपण लबाडी केली, लाच दिली, गुन्हे झाकले, खुनात सामील झालो, हे एकेक करून कबूल करतो. यासोबत जगता येईल असं दोनदा म्हणतो. मग संगणकाला सांगतो, संपूर्ण नोंद पुसून टाक.

आमच्या कामात नोंद पुसता येत नाही. चुकीची नोंद पडली तर ती तशीच राहते, तिच्यापुढे उलट नोंद घालायची, कारण लिहायचं, सही करायची. पान फाडलं की संस्था संशयात आलीच. कारण चूक माणसाकडून होते, पण पान फाडायचा निर्णय शांत डोक्याने घेतलेला असतो. एका संस्थेत मी असं फाडलेलं पान स्वतः पाहिलंय. दोऱ्याच्या शिवणीपाशी कागदाची बारीक पट्टी उरली होती आणि पुढच्या पानाचा क्रमांक नव्या शाईने बदललेला होता. ज्यांनी केलं ते सज्जन म्हणून गावात मानलेले लोक होते, आणि ठेवीदारांचं हित बघूनच केलं असं ते मनापासून सांगत होते.

म्हणून तापीकाठ साहेब, तुमच्या अटीला सिस्को उतरत नाही असं माझं मत आहे. तडजोड त्याला चिकटून राहिली म्हणता, पण त्याने ती सगळ्यांपासून लपवली. मुलाला सांगितली नाही, जवळच्या सहकाऱ्यांना, किराला नाही, डॅक्सला नाही. पुढच्या सातव्या पर्वात एकदाही ती वर येत नाही. जेनवेने पाटी परत लावली, याने पान फाडलं. दोघांत मला सिस्कोचं वागणं जास्त गंभीर वाटतं.

निंबोणी (चोपडा)

सगळं वाचलं. माझा प्रतिसाद दुसऱ्या मालिकेवर आहे, पण प्रश्न हाच आहे.

'डीप स्पेस नाइन'च्या लेखकांपैकी रोनाल्ड मूर पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' घेऊन आला (छोटी मालिका २००३ च्या डिसेंबरात, मग २००४ ते २००९). मधे तो थोडा काळ व्हॉयेजरवरही होता. तिथे जे जमलं नाही ते त्याने बॅटलस्टारमध्ये केलं असं मला वाटतं. तिथे कुणाचंच काही पुसलं जात नाही.

उदाहरण लॉरा रॉझलिनचं. शिक्षणमंत्री, राष्ट्राध्यक्षपदाच्या क्रमवारीत त्रेचाळिसावी, सायलॉन या यंत्रमानवांच्या हल्ल्यात सगळे वरचे मेले म्हणून एका दिवसात राष्ट्राध्यक्ष झालेली. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर ती उरलेल्या माणसांचा आकडा लिहिते, कुणी जन्मलं की वाढवते, मेलं की कमी करते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी निवडणुकीत तिचा प्रतिस्पर्धी बाल्टार जिंकतोय असं दिसतं. बाल्टारच्या हाती माणसं दिली तर ती मरतील याची तिला खात्री असते. म्हणून मतपत्रिका बदलल्या जातात. गेटा नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या ते लक्षात येतं. लष्करप्रमुख ॲडामा तिला समजावतो की निवडणूक चोरली तर आपण आपण राहणार नाही, आणि ती माघार घेते. बाल्टार राष्ट्राध्यक्ष होतो. वर्षभराने सायलॉन येतात आणि सगळ्यांना गुलाम करतात.

म्हणजे तिचं भाकीत खरं होतं! योग्य वागण्याची किंमत हजारो लोकांनी मोजली. आणि मालिका तिला बक्षीस देत नाही, शाबासकी देत नाही. मला हे सिस्कोपेक्षा धाडसी लेखन वाटतं. सिस्कोने चुकीचं केलं आणि युद्ध फिरलं, त्यामुळे बघणाऱ्याला 'शेवटी बरंच झालं की' म्हणायला जागा राहते. रॉझलिनच्या वाट्याला तशी जागा ठेवलेली नाही.

पण खरं तर मला गेटाबद्दल लिहायचं होतं. मतांची चोरी पकडणारा तोच. मग तो बाल्टारच्याच कार्यालयात काम करतो, आणि तिथून गुपचूप प्रतिकार करणाऱ्यांना बातम्या पुरवतो. खूण काय, तर कुत्र्याचं खाण्याचं भांडं. सुटका झाल्यावर गद्दार म्हणून त्याला पकडतात. सहा जणांचं गुप्त पंचमंडळ, ना वकील ना अपील, शिक्षा एकच, बाहेरच्या पोकळीत ढकलून देणं. गुडघ्यावर बसवलेलं असताना तो त्या भांड्याचा उल्लेख करतो आणि चीफ टायरॉलला कळतं की बातम्या पुरवणारा माणूस हाच होता. तो वाचतो. कुणीही त्याची नीट माफी मागत नाही.

मग बाल्टारच्या खटल्यात हाच गेटा शपथेवर खोटं बोलतो. बाल्टारने मृत्यूच्या यादीवर बंदुकीच्या धाकाने सही केली होती, गेटा तिथे हजर होता, आणि तो सांगतो की सही राजीखुशीने केली. आणि शेवटच्या पर्वात तो बंड करतो आणि गोळीबार पथकापुढे मरतो.

एकेक वेगळं बघितलं तर म्हणाल हा माणूस एकसारखा नाहीच. प्रामाणिक, मग हेर, मग खोटारडा, मग बंडखोर. ओळीने बघितलं तर प्रत्येक पायरी मागच्या जखमेतून आलीय. नियम पाळणाऱ्या मुलाला दरवेळी नियम मोडणाऱ्यांनीच वाचवलं किंवा बुडवलं. शेवटी त्याने पण ठरवलं. मी त्याच्या बाजूने नाही, पण तो मला समजतो, आणि माझ्या दृष्टीने पात्राची सुसंगती ती हीच.

खापरपोळी (नंदुरबार)

निंबोणी ताई, तुमनं लिखेल वाचीसन माले आजच ही मालिका सुरू करनी शे. छोटी मालिका आधी बघावी का थेट पहिलं पर्व?

निंबोणी (चोपडा)

@खापरपोळी, छोटी मालिका आधीच बघ रे बाबा. ती नाही बघितली तर पहिल्या पर्वाचा पहिला भाग '३३' कळणार नाही. त्यात दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो, पाच दिवस कुणी झोपलेलं नसतं, आणि प्रवासी असतील-नसतील अशा जहाजावर आपल्याच माणसांना गोळी झाडावी लागते. तिथूनच ही सगळी गोष्ट सुरू होते.

मृगाचा पाऊस (अमळनेर)

जेनवेची बाजू कुणीच घेत नाही, म्हणून मी घेते.

१९९६ चा 'टुव्हिक्स' आठवा. वाहतूक यंत्रातल्या अपघातात जेनवेच्या जहाजावरचे टुवॉक आणि नीलिक्स एकत्र होऊन एक नवा माणूस तयार होतो. तो काही आठवडे जगतो, काम करतो, सगळ्यांना आवडायला लागतो. मग दोघांना वेगळं करायचा उपाय सापडतो, आणि तो म्हणतो, मला मरायचं नाही. जहाजाच्या नियंत्रण कक्षात सगळ्यांसमोर तो एकेकाकडे बघून मदत मागतो. कुणी पुढे येत नाही. डॉक्टर नकार देतो, माझी शपथ मला हे करू देत नाही म्हणतो. तेव्हा जेनवे स्वतःच्या हाताने यंत्र चालवते. दुसऱ्याला आदेश देऊन हात झटकत नाही. टुवॉक आणि नीलिक्स परत येतात, ती एक शब्द न बोलता बाहेर पडते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर राहतो.

हे चूक की बरोबर यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण हा जेनवेचा स्वभाव आहे यात शंका नको. ती आपल्या माणसांसाठी काहीही करते आणि ते स्वतः करते. 'इक्विनॉक्स'मधला संताप पण त्याच मुळातून येतो. तिच्या मते रॅन्समने कप्तान या पदाचीच विटंबना केली होती.

आणि एक मनातलं. पिकार्डने निर्णय बदलला तर तो विचारी, सिस्कोने बदलला तर तो गुंतागुंतीचा, आणि जेनवेने बदलला की 'लेखकांना ती कोण हेच कळलं नाही'. गेली कित्येक वर्षं मी हे ऐकतेय. जरा आपल्या मापाकडेही बघावं.

तापीकाठ (भुसावळ)

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

@मृगाचा पाऊस ताई, टुव्हिक्स तुमच्या म्हणण्यासारखाच मी धरतो, तो भाग पक्का आहे. 'इक्विनॉक्स'वर मात्र ठाम आहे. टुव्हिक्सनंतरचं मौन आपल्याला दिसतं. इक्विनॉक्सनंतर चाकोटे आणि ती हसत बोलतात. ते हसणं मला खटकतं. तिच्या बाई असण्याशी त्याचा संबंध नाही, पिकार्ड आणि त्याचा उपप्रमुख रिकर तसं हसले असते तरी खटकलं असतं.

@पांझरा, लेटन मी मुद्दाम टाळला नव्हता, तरी तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे. माझं वाचन असं. लेटनला अडवणारा सिस्को आणि रॉम्युलनांना फसवणारा सिस्को यांच्यामध्ये एक युद्ध आहे. त्या वेळी धोका भीतीच्या रूपात होता. १९९८ मध्ये तो दर शुक्रवारी भिंतीवर लागत होता, आणि याच भागात फेडरेशनचा बीटाझेड ग्रह शत्रूच्या हाती पडल्याची बातमी येते. शिवाय लेटन एकटा खेळत होता आणि सिस्कोच्या योजनेला स्टारफ्लीटच्या वरिष्ठांनी संमती दिली होती. ही संमती मिळाल्यावर आपल्याला हलकं वाटेल असं सिस्कोला वाटलं होतं, आणि तसं वाटलं नाही, हे तो स्वतः सांगतो. लेटनला तसं कधीच जाणवत नाही. माझ्यासाठी फरक तिथे आहे. तरी लेटनचं नाव एकदा त्याच्या तोंडून यायला हवं होतं, यात वाद नाही.

@जमाखर्च आबा, तुमचं फाडलेलं पान डोक्यातून जात नाही. एवढंच म्हणेन की ती नोंद आपण ऐकली. लेखकांनी ती पुसली नाही, सिस्कोने पुसली. गॅरकला ठोसा मारून झाल्यावर गॅरक त्याला हिशेब सांगतो, एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका स्टारफ्लीट अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्यात संपूर्ण क्वाड्रंट वाचत असेल तर सौदा स्वस्त आहे. सिस्को त्यावर काही बोलत नाही. त्या क्षणापासून तो गॅरकच्या हिशेबात आहे.

पांझरा (धुळे)

उत्तर मनापासून दिलंत, आभार. बीटाझेडचा मुद्दा मानतो. लेटनवर आपलं जमणार नाही, राहू द्या.

कांदेबाग (रावेर)

मंडळी, थंडी पडली की बामणोदची वांगी घेऊन मळ्यात भरीत पार्टी करायची आहेच. प्रोजेक्टर मी आणतो. 'पॅराडाइज लॉस्ट' आणि 'इन द पेल मूनलाइट' लागोपाठ लावू, म्हणजे पांझरा आणि तापीकाठ समोरासमोर बसतील. ताईंनी 'टुव्हिक्स' आणावा.

जमाखर्च (चाळीसगाव)

मी येतो. पण त्यात 'बॅबिलॉन ५' या दुसऱ्या अंतराळ मालिकेचा एक भाग घाला अशी विनंती आहे. ११० पैकी ९२ भाग तिचा निर्माता स्ट्राझिन्स्की याने एकट्याने लिहिले, म्हणून तिथे पात्रांचा हिशेब कुठे तुटत नाही. १९९५ च्या 'द लाँग, ट्वायलाइट स्ट्रगल' मध्ये सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत लोंडो मोलारी जहाजाच्या खिडकीशी उभा राहून नार्न लोकांच्या ग्रहावर बंदी असलेल्या शस्त्रांचा मारा होताना बघतो. हा विनाश त्यानेच मागितलेल्या मदतीतून आलेला असतो. तो नजर हटवत नाही, आणि पुढे मरेपर्यंत मालिका त्याला ते विसरू देत नाही. ज्या नार्न राजदूताचा, जी'कारचा, ग्रह त्याने बुडवला, शेवटी त्याच्याच हातून मरण मागायची वेळ त्याच्यावर येते. तापीकाठ साहेबांची अट पूर्ण करणारा माणूस मला तिथे सापडतो. सिस्कोबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, मळ्यात बोलूच.

खापरपोळी (नंदुरबार)

'३३' आत्ताच बघून झाला. ते प्रवाशांचं जहाज पाडतात तेव्हा वैमानिकाला खिडकीत माणसं दिसतात का नाही, हे मला दोनदा बघूनही ठरवता आलं नाही. ताई, यावर पुढे कुठे उत्तर मिळतं का?

निंबोणी (चोपडा)

नाही मिळत. त्या वैमानिकाला, ली ॲडामालाही ते मिळत नाही. पुढे बघत राहा, त्याच्या वागण्यात ते दिसत राहील.